सुट्टीची शिदोरी : अवांतर वाचनासाठी काही पुस्तके

परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की आमच्या वसतिगृहाच्या ओसरीत पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. कोणाला गावाकडची बस गाठायची असते, कोणाला परळी स्थानकावरून गाडी धरायची असते. पेटीत कपड्यांचे दोन-तीन जोड, ताट, तांब्या, वह्या आणि धाकट्या भावंडांसाठी जपून ठेवलेला खाऊ असतो. पुष्कळ वर्षे या पेटीत एक वस्तू मात्र कधीच नसे. ती म्हणजे वाचनालयाचे पुस्तक. सुट्टी लागण्याच्या आठ दिवस आधी आम्ही सर्व पुस्तके जमा करून घेत असू, नोंदवहीत त्यांचा ताळा पाहत असू आणि कपाटांना कुलूप लावून किल्ली कार्यालयात ठेवत असू. पुस्तके गहाळ होऊ नयेत हा त्यामागील हेतू होता. हेतू वाईट नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, वर्षातील ज्या दिवसांत मुलांना वाचायला खरी सवड मिळते, नेमक्या त्याच दिवसांत पुस्तके कुलपात राहिली. ही चूक आमची होती आणि ती लक्षात यायला आम्हांला बराच काळ लागला. आता आम्ही सुट्टीसाठी पुस्तके देतो. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ती पुस्तके कोणती, ती का निवडली आणि त्यांचे घरी काय करावे, हे पालकांसमोर आणि माजी विद्यार्थ्यांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या भागातील सुट्टी

सुट्टी हा शब्द सर्व घरांत सारखा उच्चारला जात असला, तरी त्याचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या हलतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत कोपी हेच घर होते. म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि आईवडिलांच्या निघण्याची वेळ जवळजवळ एकच असते. सुट्टीसाठी घरी गेलेले मूल कधी कधी त्यांच्याबरोबरच फडावर जाते. तेथे धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, वाढे बांधणे ही कामे त्याच्या वाट्याला येतात आणि शाळेचा पट पुन्हा भरताना एखादे नाव रिकामे राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडील गावी परतलेले असतात. परंतु तेव्हा पाण्याची टंचाई असते, लग्नसराई असते आणि दुपार संपता संपत नाही.

सुट्टीतील पुस्तकाचा विचार आम्ही या पार्श्वभूमीवर करतो. एका पुस्तकाने मूल शाळेत परत येते, असा आमचा दावा नाही. त्यासाठी आईवडिलांचा निश्चय लागतो, वसतिगृहाची सोय लागते आणि गावातील चार शहाण्या माणसांचा आधार लागतो. तथापि आमचा अनुभव असा की, ज्या मुलाच्या पेटीत वाचनालयाचे पुस्तक असते, त्याला शाळेचे काहीतरी देणे राहिलेले असते. ‘पुस्तक परत करायचे आहे’ हे वाक्य लहान आहे, पण घरात ते वारंवार उच्चारले जाते. आपले नाव कोणत्या तरी नोंदवहीत आहे आणि तेथे आपली वाट पाहिली जात आहे, एवढी जाणीव त्यातून राहते.

‘अवांतर’ म्हणजे बिनकामाचे नव्हे

अभ्यासक्रमाबाहेरील वाचनाला आपण अवांतर वाचन म्हणतो. या शब्दामुळे एक गैरसमज पसरला आहे. जे पेपरात येत नाही ते वाचून काय उपयोग, असे पालक आम्हांला विचारतात. कष्टाच्या पैशातून मुलाला शिकवणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. त्यामुळे त्याचे उत्तरही गंभीरपणे दिले पाहिजे.

उत्तरासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मुंबईत शिकत असताना शाळकरी भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक आणि ग्रंथकाराची दृष्टी त्यांच्यावर पडली. पुढे भीमरावांच्या सत्कारप्रसंगी केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक कोणत्याही परीक्षेला नेमलेले नव्हते. त्यावर कोणी गुण देणार नव्हते. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी या भेटीची आठवण सांगितली आहे आणि त्या वाचनाचा आपल्या मनावर झालेला परिणामही नोंदवला आहे. शालेय वयात हाती आलेले एक अवांतर पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीची नागपूरची दीक्षाभूमी यांच्यामध्ये सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे. पुस्तक कधी फळाला येईल हे देणाऱ्याला ठाऊक नसते, वाचणाऱ्यालाही नसते.

याच संदर्भात सुभेदार रामजींचीही आठवण ठेवली पाहिजे. मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी ते आपल्या विवाहित मुलींकडून दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करत. मुलाने मागितलेले पुस्तक पेपरात येते का, असे त्यांनी विचारल्याचे कोठे वाचनात येत नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. प्रत्येक पुस्तकातून काहीतरी थोर घडलेच पाहिजे, अशा अपेक्षेने पुस्तक दिले की मूल त्याच्याकडे औषधाप्रमाणे पाहू लागते. सुट्टीतील पुस्तक प्रथम आनंदासाठी असावे. पुढील यादी करताना आम्ही एकच कसोटी लावली : मूल हे पुस्तक कोणी न सांगता पुन्हा हाती घेईल काय?

धाकट्यांसाठी

नुकतेच अक्षर जुळवू लागलेल्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आम्ही सर्वांत आधी पेटीत ठेवतो. ‘राधाचं घर’ या संचात आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातील माणसे एका लहान मुलीच्या नजरेतून दिसतात. वाक्ये लहान, चित्रे बोलकी आणि उपदेश नाही. वाचता न येणारी आजीसुद्धा चित्रे पाहून नातवंडाबरोबर ते पुस्तक ‘वाचू’ शकते. त्यांनीच संपादित केलेला ‘वाचू आनंदे’ हा संच बालगट आणि कुमारगट अशा दोन्ही वयांसाठी आहे. त्यात मराठीतील निवडक साहित्य चित्रकलेच्या सोबतीने समोर येते. एका घरात तीन-चार वयांची मुले असतील तर हा संच सर्वांना पुरतो.

‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. घरात पुस्तक नसले तरी मोबाइल असतो, ही आजची वस्तुस्थिती आहे. तो मुलाच्या हातून हिसकावून घेण्यापेक्षा त्यावर ‘किशोर’चा एक अंक उघडून देणे आम्हांला अधिक व्यवहार्य वाटते.

पाचवी ते सातवीसाठी

या वयाला धावपळ लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजेच फुरसुंगीचा बनेश फेणे, आजही आमच्या कपाटात टिकत नाही. एकाने आणला की दुसरा दारातच हात पुढे करतो. सायकल, संकट, त्यातून काढलेली वाट आणि तोंडातून निघणारा तो ‘ट्टॉक’! हा नायक अंगाने किडकिडीत आहे, तो बलाने नव्हे तर डोक्याने जिंकतो, ही गोष्ट आमच्या मुलांना फार आवडते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच पंगतीतला. तो खोड्या करतो, पण त्याच्या खोड्यांच्या मुळाशी कोणाच्या तरी मदतीला धावून जाण्याची वृत्ती असते.

या वयोगटासाठी आमचे सर्वांत आवडते पुस्तक मात्र ‘तोत्तोचान’ आहे. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या या आठवणी १९८१ साली प्रसिद्ध झाल्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते म्हणून तोत्तोला पहिल्या शाळेतून काढून टाकतात. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. एक नवा डबा रात्री येणार असतो. तो कसा येतो हे पाहण्यासाठी मुले शाळेतच मुक्कामाला राहतात आणि पुढे त्याच डब्यात शाळेचे वाचनालय होते. परळीसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलांना हा प्रसंग वाचून काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. रुळांवर उभा असलेला रिकामा डबा दिसला की ‘सर, आपण तो मागू या का?’ हा प्रश्न आम्हांला एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला आहे. १९४५ साली तोक्योवरील बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. जी शाळा राहिली नाही, ती एका विद्यार्थिनीच्या आठवणीतून जगभर पोहोचली. शिक्षकांनीही हे पुस्तक वाचावे. आमच्यापैकी काहींनी ते वाचल्यानंतर वर्गात बोलणे थोडे कमी केले आणि ऐकणे थोडे वाढवले.

आठवीच्या पुढे

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घरांत वाचले जात आहे. अमेरिकेतील गुलामगिरीच्या काळात जन्मलेले, आईपासून दुरावलेले, अशक्त असे हे मूल शाळेसाठी गावोगाव वणवण करते, मिळेल ते काम करून शिकते आणि १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगी येथे शिकवायला जाते. तेथे प्रयोगशाळा नव्हती. कार्व्हर यांनी टाकाऊ बाटल्या-डब्यांतून ती उभी केली. वर्षानुवर्षे कापूसच घेतल्याने निकस झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्या, हे त्यांनी शेतकऱ्यांना पटवले. आपल्याकडे कापूस घेणाऱ्या शेतकऱ्याला या पुस्तकातील प्रश्न परका वाटत नाही. हे पुस्तक मुलाने नेले आणि वडिलांनी वाचून संपवले, असेही आम्ही पाहिले आहे.

मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद मुळात मराठीतच लिहिला असावा असे वाटते. रानातला एकाकी मुलगा आणि त्याने वाढवलेले हरणाचे पाडस यांची ही गोष्ट आहे. शेवट आम्ही सांगणार नाही. वाचताना डोळ्यांत पाणी आले तर लाजू नये, एवढेच सांगतो. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हेमलकसा येथे माणसांच्या सोबतीने वाढलेल्या वन्य प्राण्यांविषयी आहे. प्राण्यांची आवड असलेल्या मुलाला दुसरे काही देण्याची गरजच पडत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. मेंढपाळांच्या लहानशा वस्तीत एक तरुण शिक्षक येतो, शाळा सुरू करतो, गावात रुजतो आणि पुढे दुष्काळ येतो. दुष्काळाने रिकामे होणारे गाव आमच्या मुलांना पुस्तकात शोधावे लागत नाही. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ सालची. मराठवाड्यातील एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्याच बोलीत सांगितली आहे. आपण घरी जसे बोलतो तसे पुस्तकात छापलेले असते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य पाहण्यासारखे असते. बोली म्हणजे अशुद्ध भाषा, ही समजूत त्या आश्चर्यातच गळून पडते.

आपल्या माणसांची पुस्तके

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या लेखकाला शाळेचे तोंड जेमतेम पाहायला मिळाले, त्याची ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटणाऱ्या वीराची ही कथा मुले एका बैठकीत वाचतात. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये आईबापांचे छत्र हरपलेल्या मराठवाड्यातील मुलाची शिक्षणासाठीची धडपड आहे. तीत कडवटपणा नाही, आरडाओरडा नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ती आपलीच वाटते.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणमध्ये त्या लहानसे दुकान चालवत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचत असत आणि आपल्या लेखनाच्या वह्या वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवत. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबुरे येथे मागासवर्गीय मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलींनी हे पुस्तक वाचावेच. आमची खरी इच्छा मात्र अशी की, मुलींच्या आयांनी ते मुलींकडून वाचून घ्यावे.

येथे एक प्रश्न आमच्या शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो. ही आत्मकथने सुट्टीत, आनंदासाठी द्यावीत काय? एक मत असे की, ज्या मुलांनी अभाव प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांना पुन्हा अभावाचीच गोष्ट कशाला द्यावी? दुसरे मत असे की, आपले जगणे छापील अक्षरांत पाहणे हाही मोठा आनंद आहे. आपण एकटे नाही हे त्यातून कळते. आम्हांला दोन्ही मतांत तथ्य दिसते. म्हणून आम्ही एक नियम केला आहे : आठवीपुढील मुलाने दोन पुस्तके न्यावीत, एक आपल्या जगण्याजवळचे आणि एक त्यापासून दूरचे. आमच्या मुलांवर इतिहास समजून घेण्याची जबाबदारी आहे. पण फास्टर फेणेबरोबर खळखळून हसण्याचा त्यांचा अधिकारही इतर कोणत्याही मुलाइतकाच आहे. दुःख वाचलेच पाहिजे म्हणून वाचनापासून दूर गेलेले मूल दुःखाची पुस्तकेही पुढे वाचत नाही.

वाचून दाखवावे, ऐकावे

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक मुलगा चार दिवस उशिरा परतला. त्याच्या हातातील ‘बनगरवाडी’ची पाने चुलीच्या धुराने पिवळी पडली होती आणि मुखपृष्ठावर तेलाचा डाग होता. दंड होईल या भीतीने तो दारातच उभा राहिला. विचारल्यावर कळले की, फडावर रात्री जेवणे झाल्यावर तो कोपीसमोर मोबाइलच्या उजेडात मोठ्याने वाचत असे. प्रथम आई ऐकत होती, मग शेजारच्या कोप्यांतील माणसे येऊन बसू लागली. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून थकलेली माणसे ‘मास्तरचं पुढं काय झालं?’ म्हणून विचारत. पुस्तक संपल्याशिवाय त्याला कोणी निघू देईना. त्या पुस्तकाला आम्ही नवे वेष्टन घातले नाही. ते तसेच कपाटात आहे आणि सुट्टीत सर्वांत आधी तेच मागितले जाते.

स्वतःला वाचता येत नाही म्हणून मुलाच्या वाचनात आपला काय भाग, असे ज्या पालकांना वाटते, त्यांच्यासाठी हा प्रसंग सांगितला. ऐकणारा मिळाला की वाचणारा तयार होतो. मराठीत तर ऐकण्याची परंपरा जुनीच आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे गावोगाव कथाकथन करत आणि माणसे मंडप भरून ऐकत. मिरासदारांची ‘व्यंकूची शिकवणी’ किंवा शंकर पाटलांची ‘धिंड’ मोठ्याने वाचून पाहावी. घरातील तीन पिढ्या एकाच वेळी हसतील.

पालकांना आमच्या आणखी तीन विनंत्या आहेत. मुलाने पुस्तक संपवले की त्याची परीक्षा घेऊ नये. फार तर ‘तुला कोण आवडले?’ एवढेच विचारावे. आवडले नाही तर अर्धे सोडण्याची मुभा द्यावी. आणि दिवसातील अर्धा तास तरी असा द्यावा की, त्या वेळात त्याला कोणी काम सांगणार नाही. मुलींच्या बाबतीत ही तिसरी विनंती आम्ही अधिक आग्रहाने करतो. कारण सुट्टी लागली की मुलाला खेळायला सोडले जाते आणि मुलीच्या हाती झाडू येतो.

माजी विद्यार्थ्यांना

आपल्यापैकी पुष्कळजण नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई, संभाजीनगर येथे स्थिरावले आहेत आणि शाळेसाठी काही करावे असे आपणांस मनापासून वाटते. तेव्हा पुस्तकांविषयी स्पष्टपणे सांगतो. जुनी मार्गदर्शके, स्पर्धापरीक्षांचे कालबाह्य संच आणि न खपलेले गौरवग्रंथ आमच्याकडे पुरेसे आहेत. त्याऐवजी लहानपणी आपल्याला आवडलेले एकच पुस्तक, शक्य तर दोन प्रतींत पाठवावे. एक वाचनालयात राहील, दुसरी पेट्यांतून फिरेल. पहिल्या पानावर आपले नाव, दहावीचे वर्ष आणि हे पुस्तक का आवडले याच्या दोन ओळी लिहाव्यात. आपल्याच वसतिगृहात राहून गेलेल्या कोणीतरी शिफारस केलेले पुस्तक मुले आमच्या शिफारशीपेक्षा अधिक विश्वासाने उचलतात.

सुट्टीसाठी दिलेली काही पुस्तके परत येत नाहीत. काही फाटतात, काही भिजतात, काही पाहुण्यांच्या गावी राहतात. आरंभी आम्ही त्यांच्यापुढे ‘गहाळ’ असा शेरा लिहीत असू. नंतर असे आढळले की, ती गहाळ नसतात. कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी कोनाड्यात असतात आणि त्या घरातले ते पहिलेच पुस्तक असते. म्हणून अलीकडे नोंदवहीत आम्ही वेगळा शब्द लिहितो : ‘घरी आहे’. कुलपाची किल्ली अजूनही कार्यालयातच असते. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी ती आम्ही मुलांच्या हाती देतो.